गेम बॉयचे जुने खेळ, आता रंगात: काही महिने खेळल्यावर

'सुपर मारिओ लँड 2' आता मी रंगातच खेळते आणि मूळ रूपाकडे परत जावंसं वाटत नाही. 'मेट्रॉइड 2'बद्दल मात्र उलटं सांगेन. पहिल्यांदाच खेळणार असाल तर मूळ खेळ खेळा, रंगीत पॅच (मूळ खेळात बदल करून त्याला रंग देणारी छोटी फाइल) दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. दोन्ही पॅच हौशी मंडळींनीच केलेत आणि दोन्हींवर भरपूर मेहनत आहे. तरी माझं मत असं वेगवेगळं का झालं, ते सांगण्यासाठी हा अनुभव लिहिते आहे.

आधी थोडी माहिती, कारण आपल्याकडे गेम बॉय फार घरांत नव्हता. बहुतेकांच्या हातात ठोकळे पडणारा ब्रिक गेम असायचा. खरा गेम बॉय यायचा तो आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकांच्या सामानातून. निन्टेन्डोने तो 1989 मध्ये जपानात आणला. पडदा 160 बाय 144 पिक्सेलचा, आणि त्यावर हिरवट छटेच्या फक्त चार पायऱ्या. 1998 मध्ये गेम बॉय कलर आला, तेव्हा निन्टेन्डोने स्वतःच काही जुने खेळ रंगवून पुन्हा काढले. 'झेल्डा'चा 'लिंक्स अवेकनिंग' त्यातला सगळ्यात गाजलेला. नावापुढे 'डीएक्स' लावायची पद्धत तिथूनच रुळली. जे खेळ कंपनीने रंगवले नाहीत ते चाहत्यांनी हाती घेतले आणि त्यांनाही तेच 'डीएक्स' लावलं.

इथे एक गल्लत नेहमी होते. जुनी कॅसेट गेम बॉय कलरमध्ये घातली तरी थोडे रंग दिसतात. मग पॅच कशाला, असं लोक विचारतात. ते रंग यंत्राने वरून चढवलेले असतात. खेळाच्या नावावरून एक बेरीज काढायची आणि त्याप्रमाणे आत साठवलेला एखादा रंगसंच लावायचा, एवढंच ते यंत्र करतं. मागच्या चित्राला एक संच आणि हलणाऱ्या आकृत्यांना दोन, इतकंच हातात असतं. म्हणून मारिओ लाल झाला की त्याच संचात बसणारा कासवही लाल होतो, आणि जमीन, ढग, पाइप सगळं एकाच कुटुंबातलं दिसतं. पॅचमध्ये गोष्ट वेगळी असते. गेम बॉय कलर मागच्या चित्रासाठी चार-चार रंगांचे आठ संच देतो आणि आकृत्यांसाठी तीन-तीन रंगांचे आठ. म्हणजे एका वेळी 56 रंग. पॅच करणारा माणूस आठ बाय आठ पिक्सेलचा प्रत्येक तुकडा पाहून ठरवतो की याला कुठला संच द्यायचा.

हे ठरवणं म्हणजे नुसतं रंग भरणं नाही. मूळ खेळ फक्त एवढंच सांगतो की या जागी अमुक तुकडा ठेव. पॅचला त्याच क्षणी मेमरीच्या दुसऱ्या कप्प्यात त्याच जागी रंगाची नोंदही करावी लागते. तीही कधी, तर पडदा एकदा रंगवून झाल्यावर पुढचा सुरू होण्याआधी मिलिसेकंदभराची जी फट मिळते तेव्हाच. उशीर झाला तर कडेला चुकीच्या रंगाचे चौकोन चमकून जातात. शिवाय तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅममध्ये, जिथे इंचभरही जागा मोकळी ठेवलेली नसते, हा सगळा जादा कोड घुसवायचा. अख्खा पहिला 'सुपर मारिओ लँड' 64 किलोबाइटमध्ये बसतो. आज फोनवरचा साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. हे काम लोक एक पैसा न घेता वर्षानुवर्षं करतात. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

आता 'मारिओ लँड 2'. मूळ खेळ 1992 चा. त्यात आगफूल (आगीचे गोळे फेकायची ताकद देणारं फूल) घेतलेला मारिओ ओळखायचा कसा? टीव्हीवरच्या खेळात कपड्यांचा रंग बदलतो, इथे रंगच नाहीत. म्हणून त्याच्या टोपीत एक पीस खोचलेलं आहे. गाजर खाल्लं की टोपीला सशाचे कान येतात. मूळ कलाकारांनी रंगाचं काम आकाराकडून करून घेतलं होतं आणि डीएक्स पॅच करणाऱ्याने ते नीट ओळखलेलं दिसतं. खेळातला पंपकिन झोन हा भाग घ्या. मूळ खेळात भुतं, भिंती आणि जमीन सगळी एकाच वजनाच्या करड्यात असतात आणि डोळा सारखा मारिओला शोधत राहतो. रंगात मागची भिंत गडद होऊन मागे सरते आणि भुतं पुढे येतात. छत्रीचं भूत लांबून ओळखू येतं. मी हा झोन शाळकरी भाचीला दोन्ही रूपांत खेळायला दिला होता. मूळ रूपात ती दर दोन उड्यांनी "मावशी, हे शत्रू आहे की दगड?" असं विचारत होती. रंगीत रूपात एकदाही विचारलं नाही. हरली भरपूर, पण कशामुळे हरलो हे तिला दर वेळी कळत होतं. माझ्या मते रंगकामाची खरी परीक्षा हीच.

मारिओ झोन तर पाहण्यासाठी खेळावा. अख्खा झोन म्हणजे चावीचा एक प्रचंड मारिओ, आणि आत दातेरी चक्रं, चेंडू, खेळण्यातले ठोकळे. खेळण्यांचा रंग नसतो तेव्हा ती खेळणी आहेत हे समजायला वेळ लागतो. रंगात पहिल्या पावलाला समजतं. स्पेस झोनमध्ये मात्र मला वाटतं तेवढी भर पडलेली नाही. अवकाश मूळचंच काळं आणि चांदण्या पांढऱ्या. तिथे मूळ चित्रच इतकं नेमकं होतं की रंगाला करण्यासारखं थोडंच उरलं होतं.

या पॅचची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे वेग. मूळ खेळात पडद्यावर आकृत्यांची गर्दी झाली की खेळ रखडायचा. गेम बॉय कलरचा प्रोसेसर दुप्पट वेगाने चालवता येतो आणि पॅच त्याचा फायदा घेतो, त्यामुळे रखडणं गेलं. पहिले काही दिवस मला हे जड गेलं. जुना खेळ बोटांत बसलेला होता. जिथे खेळ मंदावायचा तिथे उडी उशिरा मारायची सवय होती आणि त्याच जागी आता शत्रूवर आदळायला होत होतं. सवय मोडल्यावर मात्र हाच वेग मूळचा असायला हवा होता असं वाटतं. मारिओचा भाऊ लुइजीही निवडता येतो आणि त्याची उडी वेगळी आहे, म्हणून खेळ पाठ असलेल्यांनाही पुन्हा एक फेरी करण्यासारखी आहे.

पहिला 'सुपर मारिओ लँड' मला इतका भावला नाही. त्यात मारिओ इवलासा, मागची चित्रं म्हणजे चार रेषांचे पिरॅमिड, बाकी मोकळं आकाश. रिकाम्या जागेत रंग भरला की तिचा रिकामेपणा जास्तच डोळ्यांत भरतो. हा दोष रंगवणाऱ्याचा नाही, मूळ चित्रातच धरायला फार कमी आहे. चाई राज्यातल्या बांबूच्या लेव्हल मात्र खुलल्यात, आणि पाणबुडीची लेव्हल निळ्या पाण्यात पाहिली की पूर्वी आपण ती पाण्याखाली आहे असं फक्त मानून घेत होतो हे जाणवतं.

'मेट्रॉइड 2' हा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा पॅच. खेळ 1991 चा. सॅमस नावाची योद्धा एका ग्रहाच्या पोटात उतरते आणि मेट्रॉइड नावाचे जीव शोधून मारते. पडद्याच्या कोपऱ्यात किती उरले त्याचा आकडा, सुरुवातीला 39. नकाशा नाही. ठराविक मेट्रॉइड मेले की जमीन हादरते, आम्लाची पातळी खाली जाते आणि पुढची गुहा उघडते. यातही रंगाअभावी केलेली एक सोय आहे आणि ती फार प्रसिद्ध आहे. व्हेरिया सूट हे चिलखत घातल्यावर सॅमसच्या खांद्यांवर मोठाले गोल येतात. आधीच्या टीव्हीवरच्या खेळात या सूटला फक्त वेगळा रंग होता. इथे तो दाखवता येईना म्हणून खांदे फुगवले, आणि पुढे रंगीत खेळांतही ते तसेच राहिले.

पॅचमध्ये गुहांच्या भागाभागांना वेगवेगळे रंग आहेत. मूळ खेळात सगळे खडक सारखे दिसत असल्याने तासतासभर गोल फिरायला व्हायचं. आता "तो जांभळा बोगदा सोडून डावीकडे" असं डोक्यात राहतं. आम्ल पाहताक्षणी आम्ल म्हणून कळतं. स्पायडर बॉलने छताला चिकटून जाताना कुठला खडक भरीव आणि कुठला नुसता मागे काढलेला, हे दिसतं. म्हणजे खेळणं निर्विवाद सोपं झालं. पण या खेळाची भीती त्या हरवण्यातच होती. काळ्या पार्श्वभूमीवर मोठी सॅमस, तिच्याभोवती हातभर जागा, पुढे काय आहे त्याचा पत्ता नाही, आणि संगीत म्हणजे मधूनच टिपटिपल्यासारखे स्वर. गुहा सुंदर दिसायला लागली की तिची दहशत कमी होते. म्हणून सुरुवातीला म्हटलं की पहिली फेरी मूळ रूपात करा, एकदा तरी तिथे हरवा. दुसऱ्या फेरीत हा पॅच आनंद देतो. खासकरून मेट्रॉइड कात टाकून पुढच्या रूपात जातो ते क्षण रंगात बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

याच्या अगदी उलट टोकाला 1995 चा 'डाँकी काँग लँड'. संगणकावर त्रिमितीत बनवलेली चित्रं त्या चार करड्या छटांत कोंबलेली, त्यामुळे मूळ खेळात माकड आणि जंगल एकमेकांत पार मिसळून जातं. त्याच्या रंगीत पॅचबद्दल मी हातचं राखून काही बोलणार नाही. मला तर हा खेळ पहिल्यांदा खेळण्यासारखा झाला तो रंगातच. 'कर्बीज ड्रीम लँड' मी थोडाच खेळले आहे, छान दिसतो. 1992 मध्ये अमेरिकेतल्या खोक्यावर कर्बी पांढरा छापला होता, जरी त्याचे जनक मासाहिरो साकुराई यांच्या मनात तो पहिल्यापासून गुलाबी होता. आता पडद्यावरही तो गुलाबी दिसतो हे बघून बरं वाटतं.

यंत्राबद्दल लिहायलाच हवं, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. मी हे खेळ दोन ठिकाणी खेळले: एक जुना गेम बॉय कलर, त्यात फ्लॅश कार्ट्रिज (आपल्या फाइली भरता येणारी कॅसेट) घालून, आणि एक साधा हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं आजचं यंत्र), 640 बाय 480 पडद्याचा. गेम बॉय कलरच्या पडद्यामागे दिवा नाही, म्हणून रंग फिके आणि मऊ दिसतात. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात ते सगळ्यात चांगले. तोच खेळ आजच्या उजळ पडद्यावर लावला की गवत डोळ्यांत खुपतं. लोक म्हणतात पॅचचे रंग भडक आहेत. आधी एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कलर करेक्शन चालू आहे का ते बघा. ते चालू केलं की रंग जुन्या पडद्याच्या जवळ जातात. चित्र तिप्पट मोठं करा, म्हणजे 480 बाय 432 होतं आणि चारी बाजूंना थोडी काळी पट्टी राहते. पट्टी नको म्हणून पडदाभर ताणलंत तर काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात आणि मारिओचा चेहरा चालताना वेडावाकडा होतो.

पॅच मारताना एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. पॅचच्या फाइलमध्ये खेळ नसतो, मूळ खेळात काय बदलायचं तेवढंच असतं. मूळ खेळ तुमच्या स्वतःच्या कॅसेटमधून काढून घ्यावा लागतो. त्यासाठी संगणकाला जोडायची छोटी यंत्रं मिळतात. एकाच खेळाच्या एकाहून जास्त आवृत्त्या बाजारात आल्या होत्या आणि पॅच त्यातल्या एकीसाठीच केलेला असतो. पॅच बीपीएस प्रकारचा असेल तर चुकीची आवृत्ती तो स्वीकारतच नाही. आयपीएस प्रकाराला ही तपासणी नाही, तो निमूटपणे चुकीच्या फाइलवरही चढतो आणि खेळ तिसऱ्या लेव्हलला अडकल्यावर कळतं. सोबतच्या मजकुरात चेकसम (फाइल बरोबर तीच आहे ना, हे ताडून पाहायचा आकडा) दिलेला असतो, तो जुळवून मगच पुढे जा. नवी आवृत्ती आली की पॅच मूळ फाइलवर पुन्हा मारा, आधीच्या पॅच केलेल्या फाइलवर नको, आणि त्याआधी सेव्ह फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा. तुमच्याकडे जुना राखाडी गेम बॉय असेल तर त्यावर हे चालतील अशी आशा ठेवू नका. मेमरीचा दुसरा कप्पा आणि दुप्पट वेग त्यात नाहीच.

सध्या 'वारिओ लँड'चा डीएक्स सुरू केलाय. अजून अर्ध्यातच आहे, पण वारिओच्या वेगवेगळ्या टोप्या रंगामुळे आता लांबूनच ओळखू येतात.