कर्नलचा कोट भाड्याने: शालिमारमागची ड्रेपरी

युद्धपट असो की युद्धावरचं नाटक, नायक चिखलात माखलेला असतो आणि शत्रूचा कर्नल कडक इस्त्रीत. प्रेक्षक त्याच्यावर भाळतात ते निम्मं इथेच. निळू फुले यांचा पुढारी पांढऱ्याशुभ्र टोपीत, आवाज न चढवता बोलायचा, हिशेब तोच. त्यामुळे बाकीच्या दहा शिपायांचं कसंही चालेल, हा एक कोट मात्र पारखून घ्यावा. तो मिळतो नाशिकच्या शालिमार भागामागच्या ड्रेपरीत, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात. हे दुकान कालिदास आणि साईखेडकर, दोन्ही नाट्यगृहांपासून चालत जाण्यासारखं. हौशी संस्थांची पहिली धाव इकडेच असते.

करड्या रंगाचा लांब कोट ही दुकानाची खरी चीज. कापड जाड, लोकरीचं, झोतात चकाकत नाही. हिरवट कोटाच्या नादी लागू नका. तो टेरिकॉटचा आहे, क्लोजअपमध्ये थेट शाळेचा बँड आठवतो. छातीत इंचभर सैल चालेल, पण खांदा अर्धा इंचही उतरता कामा नये. खांदा उतरला की कर्नलचा वॉचमन होतो.

घोळ आहे तो मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या कापात. मुंढा खोल कापलाय, त्यामुळे सॅल्यूटला हात वर गेला की अख्खा कोट सोबत चढतो, कॉलर कानाला टेकते, पट्टा बरगड्यांवर येतो. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं तर हे कळतच नाही. म्हणून दुकानातच सॅल्यूट मारून पाहावा, खुर्चीत बसून पाहावं. काखेची शिलाई चार बोटं उसवून त्याच रंगाचा चौबगला, म्हणजे काखेतला जोडतुकडा, कच्च्या टाक्यांनी लावू देतात, परत करताना होतं तसं करून द्यायचं. एवढी मुभा सहसा कुणी देत नाही.

टोपी एकाच मापाची, ५८. डोकं लहान असेल तर आतल्या पट्टीत वर्तमानपत्राची घडी सारावी. वरच्या दिव्यांखाली टोपीच्या झापेची सावली डोळ्यांवर पडते, आणि या माणसाचं सगळं काम डोळ्यांत. टोपी बोटभर मागे आणि एक झोत समोरून, खालून. पितळी बटणं कॅमेऱ्यात फार चमकली तर कोरडा साबण घासावा, नंतर पुसून टाकावा. बूट रेक्झिनचे, तळ गुळगुळीत. पॉलिशपेपरने खरवडल्याशिवाय रंगमंचावर चालू नये.

पदकं मूठभर देतात, तीन पुरे. सैन्य काल्पनिक तर चिन्हंही काल्पनिकच घ्यावीत, आणि त्या वेषात देवळालीच्या लष्करी छावणीकडे चहाला जाऊ नये. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेष घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे.

भाडं २४ तासांचं, अनामत दुप्पट. घामाचा डाग दिसला की अनामतीतून कापतात, तेव्हा एप्रिल-मेच्या शूटिंगला काखेत सुती पॅड हवेतच. करडा कोट एकच असल्यामुळे राज्य नाट्य स्पर्धा आणि गॅदरिंगच्या दिवसांत पंधरा दिवस आधी नाव लावावं.

हातमोजे मात्र दुकानाचे नकोत. पिवळट पडलेत, आणि एकेक बोट सावकाश सोडवत मोजा उतरवण्याचा प्रसंग असेल तेव्हा सगळं नाट्यगृह तेवढंच बघत असतं. नवे सुती घ्यावेत, एक नंबर मोठे. नेमक्या मापाचे तिसऱ्या बोटाला अडकतात.