बातम्या, व्हिडिओ कोर्स की चिपचे कागद?

नोकरी सांभाळून एम्बेडेड हार्डवेअर, म्हणजे उपकरणांच्या आतले छोटे संगणक आणि त्यांचे बोर्ड, शिकणाऱ्याला आठवड्याला फार तर तीन-चार तास मिळतात. ते कुठे खर्चायचे?

आधी बातम्या. ऑगस्ट २०२४ मध्ये रास्पबेरी पाय कंपनीची आरपी२३५० ही मायक्रोकंट्रोलर चिप आली. एकाच चिपवर आर्म आणि रिस्क-व्ही असे दोन्ही जातींचे प्रोसेसर कोर, म्हणून तिचा गाजावाजा झाला. थोड्याच दिवसांत वापरणाऱ्यांना दिसलं, की आतला पुल-डाउन (पिन शून्य व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) चालू केलेली इनपुट पिन एकदा वर गेली की शून्यावर परतत नाही, २.२ व्होल्टच्या आसपास अडकते. हेही बातम्यांत आलं. पण ज्याच्या बोर्डाचा आराखडा अर्धा काढून झाला होता त्याला बातमी पुरणार नव्हती, त्याला रेझिस्टरचा आकडा हवा होता. तो मिळाला कंपनीच्याच इराटामध्ये, म्हणजे चिपमधल्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीत, ई९ या नोंदीखाली: बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी. २०२५ मध्ये चिपची ए४ ही दुरुस्त आवृत्ती निघाली, म्हणजे आता आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे हेही तपासणं आलं.

व्हिडिओची जागा वेगळी. ऑसिलोस्कोपच्या (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावली की पडद्यावरचं रिंगिंग, म्हणजे सिग्नलच्या कडेचं थरथरणं, किती कमी होतं, हे एकदा बघितलं की कायमचं डोक्यात बसतं. सोल्डरिंगचंही तसंच. मात्र बरेच कोर्स कुठे क्लिक करायचं तेवढंच शिकवतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, मेनू हलले, की विद्यार्थी अडला.

पुस्तकं पायासाठी, आणि पाया लवकर शिळा होत नाही.

राहिले चिपचे कागद, म्हणजे ती बनवणाऱ्या कंपनीची कागदपत्रं. रुक्ष खरे, आणि एका जागी नसतातही. एसटीएम३२एफ१०३ या चिपचंच घ्या: पिना आणि विजेचे आकडे देणारी डेटाशीट वेगळी, आतले भाग कसे वापरायचे ते सांगणारं हजारावर पानांचं रेफरन्स मॅन्युअल वेगळं, इराटा आणखी वेगळा. हे कादंबरीसारखं वाचायचं नसतं. जो पेरिफेरल (टायमरसारखा चिपमधला भाग) वापरायचा त्याचं मॅन्युअलमधलं प्रकरण वाचा, आणि डेटाशीटमध्ये ‘टिपिकल’च्या रकान्यावर भिस्त ठेवू नका, किमान-कमाल आकडे बघा. ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम’ ही चिप चालवायची मर्यादा नव्हे, त्यापलीकडे ती कायमची बिघडू शकते. ही गल्लत नवखेच करतात असंही नाही.

अगदी सुरुवात असेल तर एकच कोर्स धरा, पण शेजारी मॅन्युअल उघडं ठेवा. बोर्ड बनवून विकत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: बातम्या महिन्यातून एकदा चाळल्या तरी चालतील, पण वापरातल्या प्रत्येक चिपच्या इराटाची आणि उत्पादन-बदलाच्या सूचनांची ईमेल नोंदणी आजच करा. नवी चिप निवडताना तर इराटा डेटाशीटच्याही आधी उघडा. ज्या नोंदीपुढे उपाय नाही असं लिहिलंय, ती आपल्या वापरात आडवी येते का ते पाहा. येत असेल तर दुसरी चिप शोधा.