नारुतो की डीमन स्लेयर? दहा-बारा वर्षांच्या मुलांना आधी काय दाखवावं

माझी भाची जूनमध्ये सहावीत जाईल. वर्गातल्या मुलांच्या दप्तरांना तान्जिरोच्या, म्हणजे 'डीमन स्लेयर' या जपानी अॅनिमेशन मालिकेच्या नायकाच्या, हिरव्या-काळ्या चौकड्यांची किचेन लटकतात, आणि हिला तो कोण हेच ठाऊक नाही. सुट्टीला आल्या आल्या ती माझ्या मागे लागली, "मावशी, आईला सांग ना." ताई म्हणाली, कार्टूनच आहे, बघू दे. भाऊजींनी डीमन स्लेयरच्या पहिल्या भागाची दहा-पंधरा मिनिटं पाहिली आणि टीव्ही बंद केला. मला दोघांचंही पटलं नाही. ही मालिका आणि 'नारुतो' ही निन्जा मुलाची जपानी मालिका, दोन्ही मी पूर्वी पाहिल्या होत्या, पण या वेळी अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसली आहे असं धरून पुन्हा पाहिल्या.

दोन्ही कथा चित्रकथांच्या एकाच जपानी साप्ताहिकातून आल्या, 'शोनेन जंप'मधून. शोनेन म्हणजे मुलगा, किशोरवयाकडे झुकलेला. त्यामुळे दोन्हींचा वाचक एकच, असं वाटू शकतं. पण टीव्हीवर येताना वाटा फुटल्या. नारुतो २००२ मध्ये तिथे संध्याकाळी, घरातली मुलं जागी असताना लागायचं. डीमन स्लेयर २०१९ मध्ये आलं ते रात्री उशिरा. आपल्याकडे मोबाइलवर या दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी दिसतात आणि वेळेचा हा फरक पुसला जातो.

तो फरक पडद्यावर लगेच जाणवतो. डीमन स्लेयरच्या पहिल्याच भागात तान्जिरो कोळसा विकून घरी परततो, तर बर्फात आई आणि लहान भावंडं मरून पडलेली असतात. एक बहीण जिवंत, पण ती राक्षस होऊ लागलेली. इथले राक्षस मारायचे म्हणजे त्यांचं मुंडकं उडवावं लागतं, त्यामुळे मुंडकी उडणं हा नेहमीचाच भाग. 'युफोटेबल' या स्टुडिओचं काम इतकं देखणं आहे की रक्तही सुंदर दिसतं, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. पहिल्या पर्वाच्या पंधराव्या भागापासून नाटागुमो डोंगराचं प्रकरण सुरू होतं. तिथे माणसांना कोळ्याच्या धाग्यांनी कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचवतात, त्यांची हाडं मोडतात, काहींचे कोळी होतात. कोळ्याला घाबरणाऱ्या मुलाला हे भाग दाखवूच नका.

नारुतोतही माणसं मरतात. हाकू नावाचा कोवळा मुलगा आपल्या मालकाला, झाबुझाला, वाचवायला मध्ये पडतो आणि वार त्याच्या छातीतून आरपार जातो. पुढे नारुतोचा सोबती सासुके याच्या अख्ख्या घराण्याची कत्तल येते, तीही एका लहान मुलाच्या डोळ्यांसमोर. पण या प्रसंगांच्या मध्ये बरंच काही आहे: शाळा, खोड्या, परीक्षा, रामेनच्या (जपानी नूडल सूपच्या) दुकानातल्या गप्पा. मुलाला श्वास घ्यायला जागा मिळते. नारुतो स्वतः सुरुवातीला बारा वर्षांचा, गावाने टाळलेला पोरगा आहे. दहा वर्षांच्या मुलाला त्याचं एकटेपण तलवारीआधी कळतं. एक गोष्ट मात्र आईवडिलांना आधीच माहीत असावी. यात बायकांकडे चोरून बघण्याचे आणि उघड्या अंगाचे विनोद आहेत. मला ते हिंसेपेक्षा जास्त खटकले, आणि त्यावर मुलांशी बोलावं लागतं.

डीमन स्लेयरच्या बाजूनेही सांगायला हवं, कारण नुसतं रक्त मोजलं तर त्या मालिकेवर अन्याय होईल. राक्षस मरताना त्याला आपलं माणूसपण आठवतं. भाऊ, आई, एखादं जुनं घर. तान्जिरो त्याला मारतो आणि त्याच्यासाठी रडतोही. मरणाऱ्या शत्रूचा हात हातात घेणारा नायक मुलांच्या मालिकांत मी क्वचितच पाहिला आहे. म्हणून मी तिला 'वाईट' म्हणणार नाही. मात्र ही माया कळण्याआधी मूल घाबरून गेलं, तर त्याच्या हाती फक्त भीती उरते.

'मुगेन ट्रेन' या डीमन स्लेयरच्या २०२० च्या चित्रपटाबद्दल वेगळं सांगते. त्यात स्वप्नाच्या सापळ्यातून सुटायला तान्जिरोला स्वप्नात पुन्हा पुन्हा स्वतःचा जीव घ्यावा लागतो. कथेत त्याला कारण आहे, पण तेरा वर्षांखालच्या मुलाने हे एकट्याने पाहू नये असं माझं ठाम मत आहे. जपानमध्ये या चित्रपटाला पीजी-१२ मिळालं, म्हणजे बाराच्या आतल्या मुलांसाठी पालकांनी विचार करावा. अमेरिकेत त्यालाच 'आर' मिळालं, म्हणजे सतराच्या आतल्या मुलासोबत मोठं माणूस हवंच. एकाच चित्रपटाबद्दल दोन देशांची मतं इतकी लांब असतील, तर नुसत्या शिक्क्यावर विसंबून कसं चालेल? आपल्याकडेही आता यूए ७+, १३+, १६+ असे शिक्के आहेत. ते जरूर पाहा, पण कुणाला कोळ्यांची भीती वाटते किंवा कुणाच्या घरात नुकतंच कुणी गेलंय, हे त्या शिक्क्याला माहीत नसतं.

आता लांबीचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डीमन स्लेयरचं पहिलं पर्व २६ भागांचं आहे. रोज एक भाग धरला तर महिनाभर शेजारी बसणं कुठल्याही आईबापाला जमेल. मूळ नारुतोचे भाग २२०, आणि त्याच कथेची पुढची मालिका शिप्पुडेन, तिचे ५००. इतक्या भागांना सोबत कोण बसणार? पाचवीत सुरू केलेलं मूल बघता बघता शिप्पुडेनमध्ये पोचतं, आणि तिथे हिदानसारखी पात्रं येतात, जी स्वतःच्या शरीराला इजा करून समोरच्याला मारतात. म्हणजे सौम्य वाटणारी मालिकाच नजर हटल्यावर जास्त खोल नेते.

म्हणून माझं उत्तर असं: दहा-अकराला नारुतो, पण मूळ मालिकाच. पहिले १९ भाग सोबत बसून पाहा. हाकूचं प्रकरण त्यात संपतं आणि मूल मृत्यू कसा घेतं हे तुम्हाला दिसतं. त्या रात्री झोप नीट लागली, सकाळी त्याने स्वतःहून विषय काढला, तर पुढे जाऊ द्या. शिप्पुडेन तेरानंतर. डीमन स्लेयरही तेरानंतर. बाराव्या वर्षी हट्टच असेल तर कुणीतरी सोबत हवं, आणि चौदाव्या भागाला थांबावं.

मोठ्या भावंडाच्या मोबाइलवरून घरात शिरणाऱ्या आणखी दोन मालिका. 'अटॅक ऑन टायटन'च्या पहिल्याच भागात एक टायटन, म्हणजे माणसं खाणारा महाकाय प्राणी, मुलाच्या डोळ्यांदेखत आईला गिळतो, आणि शेवटाकडे गोष्ट वंशसंहारापर्यंत जाते. सोळाच्या आत नको. 'डेथ नोट'मध्ये रक्त फारसं नाही, वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो. पण हुशार मुलगा कुणी जगावं हे ठरवू लागतो, ही कल्पना रक्ताहून जड आहे. तीही सोळालाच.

घरात पाच-सहा वर्षांचं धाकटं असेल तर जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा 'टोटोरो' हा चित्रपट लावा. १९८८ मध्ये जपानी थिएटरांत तो ताकाहाता यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'सोबत जोडीने दाखवला गेला होता. कोबेवरच्या बॉम्बहल्ल्यानंतर उपाशी राहिलेल्या भावाबहिणीची ती गोष्ट. स्टुडिओ एकच, तिकीट एकच. त्यातला दुसरा मी स्वतः पंचविशीत पाहिला आणि दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. तो पंधरानंतर, आणि तेव्हा मात्र नक्की दाखवा.

भाचीचे १९ भाग गेल्या रविवारी संपले. शेवटच्या भागात पुलाजवळ दोन थडगी आहेत, एकावर झाबुझाची तलवार रोवलेली. हाकू गेला तेव्हा ती उशी कवटाळून रडली होती. रविवारी रडली नाही. खूप वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मावशी, पावसात त्या तलवारीला गंज लागेल ना? कुणी तरी पुसायला जात असेल का?"