९,४०० ची टॉर्च आणि शेंगदाण्याएवढं झाकण: आठ महिन्यांचा अनुभव

स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत: २१७०० आकाराचा लिथियम सेल, टर्बोवर (सगळ्यात प्रखर मोडवर) ३००० ल्युमेन उजेड, आयपीएक्स८ म्हणजे पाण्यात बुडाली तरी चालणारी, पाच वर्षं वॉरंटी. ते उगाळत बसत नाही. मॉडेलचं आणि डीलरचं नाव मुद्दाम गाळलंय, भांडण अजून मिटायचंय.

ऑगस्टमध्ये हिची घोषणा झाली तेव्हापासून मी डोळे लावून बसलो होतो. डीलरचं 'पुढच्या आठवड्यात स्टॉक येतोय सर' नोव्हेंबरपर्यंत चाललं आणि तोवर ८,२०० ची टॉर्च ९,४०० ला पोचली. बाहेरून मागवली असती तर कस्टम ड्यूटी धरूनही साडेसात हजारांत पडली असती. पण इथलं बिल म्हणजे इथली वॉरंटी, या एका आशेवर वरचे १,९०० मोजले. आईने हातात घेऊन विचारलं, "एवढ्याशा बॅटरीचे किती दिलेस?" मी निम्मी किंमत सांगितली.

उजेडाबद्दल ब्र काढणार नाही. कोंदिवड्याकडून राजमाची रात्री चढलो, मधला मोड शेवटपर्यंत पुरला. टर्बो मिनिटभरात गरम होऊन आपोआप उतरतो, एवढ्याशा अंगात तेवढी उष्णता मावणार कुठे? डब्यावरच्या ३०० मीटर पल्ल्यालाही भुलू नका. तो आकडा ०.२५ लक्स उरेपर्यंतचा, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. १५० मीटरवर चौपट उजेड मिळतो, वाट शोधायची तर तेवढंच अंतर धरा.

आता झाकण. चार्जिंगच्या सी-टाइप भोकावर रबराचं झाकण आहे, शेंगदाण्याच्या दाण्याएवढं. मार्चपासून ते सैल पडलं आणि जूनच्या पहिल्या पावसात, मुलुंड स्टेशनवर बॅगेतून टॉर्च ओढताना, शेपटीशी तुटून पुलाच्या जिन्यात कुठेतरी गेलं. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय की आयपीएक्स८ झाकण बंद असेल तरच.

डीलरला फोन केला. "सर, रबर पार्ट वॉरंटीत येत नाही, कन्झ्युमेबल आहे." मग वॉरंटीत येतं काय? "तपासायला पाठवा." पाठवायला गेलो, तर आत लिथियम सेल आहे म्हटल्यावर कुरिअरवाल्याने पार्सल परत सरकवलं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एकाने डबाभर झाकणं पालथी घातली, एकही बसेना. शेवटी म्हणाला, "एम-सील भरा, सेल बाहेर काढून चार्ज करत जा." सल्ला तसा शहाणपणाचा होता, पण एम-सील भरलेली टॉर्च वॉरंटीत कोण घेणार? त्या महिन्यात पाण्याखाली चालणारी माझी टॉर्च दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, रबरबँड लावून हिंडली.

इथपर्यंत लिहून दोन स्टार दिले होते. आता तीन करतोय. वैतागून थेट कंपनीलाच बिलाचा आणि भोकाचा फोटो मेल केला होता. बारा दिवसांनी परदेशी पाकीट आलं, आत दोन झाकणं, फुकट, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशी चिठ्ठीही. एक बसवलं, अगदी टच्च बसलं. म्हणजे बाहेरून मागवली असती तरी झाकण मिळालंच असतं, आणि १,९०० वाचले असते ते वेगळेच.

डीलरच्या साइटवर काल तेच झाकण दिसलं, २५० रुपये, शिपिंग वेगळं. दुसरं झाकण मी कपाटात पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय.