लातूर : गाडीला फॉगलाईट अन् चार्जर, एकदा चुकीचं बसवलं अन् एकदा नीट

आधीच सांगतो, दुकानाला पाटी नाई त्यामुळं नाव विचारू नका. गाड्यांच्या वायरिंगचं काम, औसा रोडला जुन्या टायरच्या ढिगामागं एक लोखंडी टेबल, एक प्लास्टिकचं स्टूल, वर पत्रा. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. पाचपैकी चार स्टार, एक कामून कापला ते खाली लिहितो.

माझं काम बियाण्याचं, दिवसभर मोटारसायकलवर रेणापूर, निलंगा, औसा फिरायचं अन् प्लॉटचे फोटो मोबाईलवरून टाकायचे, त्यामुळं दुपारी तीनलाच मोबाईल लाल. शिवाय थंडीत कारखाने चालू असले की रात्री परत येताना उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, अगदी जवळ गेल्यावर काळा डोंगर दिसतो. म्हणून दिवाळीत एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून 20-20 वॅटचे दोन फॉगलाईट अन् एक यूएसबी चार्जर बसवून घेतला, तो लाल आकड्यात व्होल्ट दाखवणारा. पोरानं अर्ध्या तासात काम उरकलं, मी पण खुश.

फक्त चावी काढली तरी ते लाल आकडे चालूच राहायचे. मला वाटलं असंच असतं, उलट अंधारात भारी दिसायचं.

मंग 11 दिवस पुण्याला बहिणीकडं गेलो. परत येऊन सेल्फ मारला तर टक. परत टक. इंजेक्शनची गाडी, किक नाई, शेजारच्या दोन पोरांनी गल्लीभर धक्का मारला पण बॅटरी इतकी बसलेली की चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा सूं आवाज येतो तोच येईना, मंग धक्क्यानं काय होणार. शेवटी छोटा हत्ती करून चाचांकडं नेली.

चाचांनी बॅटरी चार्जिंगला लावली, नंतर मायनसची वायर काढून मीटर मधे धरलं. चावी बंद असताना 22 मिलीअँपिअर. म्हणले, "ये डायरेक्ट लिया कायकू?" म्हणजे चावी सोडून सरळ बॅटरीला कामून जोडलं. मी म्हणलं चाचा एवढ्याशा करंटनं काय होतंय. त्यांनी पुठ्ठ्यावर पेननं हिशोब मांडला, 22 गुणिले 24 तास म्हणजे दिवसाला अर्धा अँपिअर-अवर, अन् माझी बॅटरी 4 ची, म्हणजे आठ दिवसात रिकामी. मी 11 दिवस नव्हतो. अन् एकदा एवढी तळाला गेलेली बॅटरी परत पहिल्यासारखी होत नाई, तसंच झालं, महिन्याभरात नवी घ्यावीच लागली.

मी म्हणलं मंग सगळं टेल लाईटच्या वायरला जोडून टाका, चावी बंद तर सगळं बंद. चाचा हसले. म्हणले ती वायर बारीक, अन् तिच्या फ्यूजवर हॉर्न, इंडिकेटर, मीटर सगळे बसलेले. दोन फॉगलाईटच तीन-साडेतीन अँपिअर ओढणार, वरून चार्जर. रात्री फ्यूज उडाला तर तुमचा मागचा दिवा पण गेला, म्हणजे तुम्हीच बिनलाईटची ट्रॉली.

म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. टेल लाईटच्या वायरीतून फक्त रिलेला इशारा द्यायचा, त्याला 0.15 अँपिअरच्या आसपासच लागतो, अन् खरा करंट जाड वायरनं सरळ बॅटरीतून आणायचा. पिन 30 ला बॅटरी, 87 ला लाईट अन् चार्जर, 86 ला चावीचा करंट, 85 ला अर्थ, म्हणजे बॉडीचा मायनस. टेस्ट लॅम्पनं वायर शोधताना चावी चालू-बंद तर केलीच पण सेल्फ दाबून पण बघितलं, कारण काही वायरींचा करंट सेल्फ मारताना तुटतो.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट फ्यूजची. पहिल्या पोरानं फ्यूज टाकला होता पण पुढं लाईटजवळ. म्हणजे बॅटरीपासून टाकीखालून हँडलपर्यंतची सगळी वायर बिनफ्यूजची, कुठं घासून बॉडीला लागली असती तर वायरच पेटली असती. चाचांनी फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर घेतला, साडेसात अँपिअरचा, तपकिरी रंगाचा. अन् जुने जोड उघडून दाखवले, नुसता पीळ देऊन वर टेप, एका उन्हात डिंक सुटून टेप बाजूला सरकलेली अन् तांबं उघडं. आपल्याकडं मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली तर टेपचं काय होतं ते सांगायला नको. ह्यांनी प्रत्येक जोड सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली, अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडला, हँडल पूर्ण डावीकडं उजवीकडं फिरवून वायर ताणते का बघितलं. मजुरी अन् सामान मिळून 650. पहिल्या दुकानात नुसती फिटिंग 300 गेली होती.

आता एक स्टार. साडेतीन तास लागले, मधे दोन रिक्षावाले आले की माझी गाडी बाजूला. फॉगलाईटचं बटन हॉर्नला इतकं चिकटवलंय की पहिला आठवडाभर म्हैस आडवी आली की हॉर्नऐवजी लाईट लागायची. अन् फ्यूज सीटखाली असा खोल बसवलाय की बदलायचा तर सीट खोलायला पाना लागतो. बिल मागितलं तर तोच हिशोबाचा पुठ्ठा हातात दिला.

चार महिने झाले, परवा परत आठ दिवस गाडी उभी होती, एका सेल्फला चालू. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतं. अन् तपकिरी फ्यूज दोन जास्तीचे स्वतःच घेऊन जा, चाचांकडं तेवढे कधीच शिल्लक नसतात.