लॉफ्टमधल्या डाउनलाइटवरचे खनिज तंतूंचे झाकण: वापरून पाहिल्यानंतरचे मत

ब्रिटनमधल्या ज्या घरांत वरच्या मजल्याच्या छतात डाउनलाइट (छताला भोक पाडून आत खोचलेले दिवे) बसवलेले असतात आणि त्यांच्यावर लॉफ्टमध्ये (उतरत्या छपराखालच्या पोकळीत) इन्सुलेशन, म्हणजे घराची ऊब राखणारा थर, अंथरलेले असते, अशा घरांसाठी ‘लॉफ्ट कॅप’ नावाने मिळणारे, दिवा आणि इन्सुलेशन यांच्यामध्ये मोकळी जागा राखणारे घुमटाकार झाकण ही फार कामाची वस्तू आहे. आमच्या बाथरूमच्या आणि लँडिंगच्या (जिन्याच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागेच्या) छतावर आम्ही खनिज तंतूंपासून बनवलेली अशी झाकणे बसवून घेतली आणि एक संपूर्ण हिवाळा ती वापरल्यानंतर हे लिहीत आहे. झाकण उत्तम आहे. मात्र ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे विक्रेते पुरेसे सांगत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लॉफ्टमध्ये सध्या सुमारे २७० मिलिमीटर जाडीचे मिनरल वूल (खनिज तंतूंची लोकर) अंथरण्याची शिफारस केली जाते. एवढा थर दिव्याच्या पाठीवर थेट पडला, तर दिव्याची उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही. जुन्या ५० वॉटच्या हॅलोजन दिव्यांत हा धोका सर्वात मोठा होता, कारण त्यातल्या डायक्रोइक परावर्तकाच्या दिव्यांची रचनाच अशी असते की प्रकाश खाली जातो आणि उष्णतेचा मोठा भाग पाठीमागे, म्हणजे नेमका लॉफ्टमध्ये, सोडला जातो. मिनरल वूल स्वतः पेट घेत नाही, त्यामुळे अनेक जण निर्धास्त राहतात. पण त्याच्याखाली कोंडलेल्या उष्णतेने शेजारची लाकडी तुळई, साचलेली धूळ आणि केबलचे पीव्हीसी आवरण तापत राहते, आणि साध्या पीव्हीसी केबलची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. आमच्याकडे आधीच्या एका कंत्राटदाराने सगळे दिवे सरसकट झाकून टाकले होते. इलेक्ट्रिशियनने लँडिंगवरचे वूल उचलले तेव्हा दिव्यालगतच्या केबलचे आवरण तपकिरी पडून कडक झाले होते आणि बोटाने वाकवताच त्याला चीर गेली. तेवढा तुकडा बदलून, हॅलोजन काढून एलईडी दिवे बसवल्यावरच झाकणांचे काम हाती घेतले.

झाकण हातात घेतल्यावर दाबलेल्या जाड नमद्यासारखे लागते. ते वजनाला हलके असल्यामुळे छताच्या प्लास्टरबोर्डवर (जिप्समच्या पातळ फळीवर) भार येत नाही, आणि केबलसाठी कडेला सुरीने छोटी खाच सहज पाडता येते. कापताना तंतू उडतात, म्हणून हातमोजे आणि मास्क लागतोच. कडक साच्यातली झाकणेही बाजारात आहेत, परंतु जिथे दिवा तुळईला अगदी खेटून आहे तिथे ती नीट बसत नाहीत. मऊ झाकण थोडे दाबून बसवता येते. घेण्यापूर्वी दिव्याची पाठीमागची उंची मोजावी, कारण झाकण आणि दिवा यांच्यामध्ये उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा राहिली नाही तर झाकण असून नसल्यासारखेच.

सर्वात जास्त गोंधळ ‘फायर रेटेड’ या शब्दांवरून होतो. दिव्याच्या खोक्यावर ३०, ६० किंवा ९० मिनिटे असे छापलेले असते, आणि ग्राहक समजतो की असा दिवा इन्सुलेशनखाली बिनधोक चालेल. वास्तविक त्या चाचणीत खालच्या खोलीत आग लागल्यास छताला पाडलेल्या भोकातून ती वर जायला किती वेळ लागतो, हे पाहिले जाते. अशा दिव्यात उष्णता लागताच फुगून भोक बुजवणारा थर बसवलेला असतो. रोजच्या वापरात दिव्याची स्वतःची उष्णता कोंडली जाणे हा पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दिव्याच्या लेबलवर मिळते. दिव्यावर इन्सुलेशनचा थर दाखवून त्यावर फुली मारलेले चिन्ह असेल, तर तो दिवा कधीही थेट झाकू नये. थेट झाकता येणारे एलईडी डाउनलाइटही मिळतात. नवे दिवे बसवायचेच असतील तर मी आधी तेच घ्यायला सांगेन. पुण्यामुंबईच्या फॉल्स सीलिंगमध्ये दिव्यावर बहुधा मोकळी हवा असते, त्यामुळे भारतातल्या घरांचा अनुभव या बाबतीत इथे फारसा उपयोगी पडत नाही.

एलईडी बसवला म्हणजे काळजी संपली, असेही नाही. पाच वॉटच्या दिव्याने आग लागण्याची भीती पुष्कळ कमी होते, परंतु उष्णता कोंडली की एलईडीचा ड्रायव्हर (घरातली वीज दिव्याला लागेल तशी करून देणारा भाग), विशेषतः त्यातले कपॅसिटर, वेळेआधी निकामी होतात. ज्या दिव्यांचा ड्रायव्हर वेगळा असतो, तो वुलाखाली दडपून न ठेवता तुळईवर उघड्या हवेत बसवावा. लॉफ्टमधल्या इतर केबलकडेही याच वेळी लक्ष द्यावे. बीएस ७६७१ या ब्रिटनच्या वायरिंग नियमांनुसार केबल अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक लांबीत इन्सुलेशनने चहूबाजूंनी वेढलेली असेल, तर तिची विद्युतप्रवाह वाहण्याची क्षमता निम्मीच धरावी लागते. दिव्यांच्या सर्किटला सहसा याची झळ बसत नाही. पण साडेनऊ किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर सुमारे ४० अँपिअर खेचतो, आणि त्याची केबल बऱ्याचदा याच वुलाखालून गेलेली असते.

बाथरूममध्ये या झाकणाचा आणखी एक फायदा दिसला. दिव्याच्या भोवतालच्या फटीतून वाफ थेट लॉफ्टमध्ये जाते आणि हिवाळ्यात छपराच्या थंड फेल्टवर (कौलांखालच्या जलरोधक कापडावर) तिचे थेंब धरतात. झाकणाची कड सीलंटने प्लास्टरबोर्डला चिकटवून, केबलची खाचही बुजवल्यावर आमच्याकडे हे थेंब जवळजवळ थांबले. नुसते वर ठेवलेले झाकण ही वाफ अडवत नाही, आणि सीलंट झाकणासोबत येत नाही, ही या उत्पादनाबद्दलची माझी खरी तक्रार.

काही घरांत मातीची कुंडी दिव्यावर पालथी घालण्याची जुनी युक्ती अजून दिसते. कुंडी जळत नाही हे खरे, पण तिचा भार प्लास्टरबोर्डवर येतो आणि कोणत्या दिव्यासाठी ती चालेल याची कसलीही चाचणी झालेली नसते. झाकणाच्या माहितीपत्रकात मात्र एलईडीची कमाल वॉट मर्यादा आणि वरून वूल पसरण्याची परवानगी, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. त्या नसतील तर ते झाकण घेऊ नये. आमच्या माहितीपत्रकात हॅलोजनसाठी ते वापरू नये असेही बजावले आहे. म्हणून दिव्याचा प्रकार आणि कमाल वॉट लिहिलेली चिठ्ठी आम्ही लॉफ्टच्या झडपेच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, म्हणजे पुढे बल्ब बदलणारा कोणीही घरात पडून असलेला जुना हॅलोजन तिथे लावणार नाही.