बाळाचा पी ७०.० कोड : आयसीडी-१० आठ महिने वापरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, छोट्या दवाखान्यात मी नोंदींचं काम बघते. बाळ-बाळंतीण घरी गेले की दोघांच्या फायली माझ्या टेबलावर येतात आणि प्रत्येक निदानापुढे मी आयसीडी-१० चा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीचा, कोड लिहिते. नवजात बाळांचं काम जूनपासून माझ्याकडे आलं. हाताशी पुस्तकाचे दोन खंड आहेत, पहिला कोडांचा आणि तिसरा सूचीचा. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची मोफत वेबसाइट आहे. गरोदरपणात शुगर झालेल्या आयांच्या बाळांसाठी हे सगळं कसं चाललं, तेवढंच इथे सांगते. मला सगळ्यात जास्त अडायला झालं ते तिथेच.

सूचीत ‘डायबेटिस’ उघडलं की आधी ई १० ते ई १४ समोर येतात. ते मधुमेहाचे नेहमीचे कोड. गरोदर बाईचे कोड ओ २४ मध्ये आणि त्यात गरोदरपणातच सुरू झालेल्या शुगरचा ओ २४.४. हा आईच्या फायलीत जातो, बाळाच्या नाही. बाळाचा कोड सोळाव्या प्रकरणात, पी अक्षरात. पी ७०.० म्हणजे आईला गरोदरपणात शुगर झाली आणि तिचा त्रास बाळाला झाला. पी ७०.१ म्हणजे आईला मधुमेह आधीपासूनच होता. पी ७०.१ च्या नावात नुसतं ‘मधुमेही आईचं बाळ’ असं वाचून पहिला दीड महिना मी सगळ्याच बाळांना तोच लावला. महिन्याच्या अहवालात आमच्याकडच्या इतक्या तरुण बायांना लग्नाआधीपासूनचा मधुमेह कसा, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा चूक कळली. मग जुन्या फायली काढून एकेक दुरुस्त केली.

पण खरी अडचण पुस्तकात नाही, कागदात आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तपासण्या होतात सासरच्या उपकेंद्रात आणि बाळ जन्मतं इथे. कापूस वेचणीच्या दिवसांत अशीच एक बाई आली. सदतीस आठवडे भरलेले, बाळ तीन किलो नऊशे ग्रॅम. तासाभरात सिस्टरनं टाचेला टोचून साखर बघितली तर ३१. आईची साखर जास्त असली की ती वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवायला लागतं. नाळ कापली की साखर येणं थांबतं, इन्सुलिन मात्र अंगात असतंच, म्हणून बाळाची साखर झपाट्यानं उतरते. ग्लुकोजची शिरेतून बाटली लावली, दूध सुरू ठेवलं, तिसऱ्या दिवशी बाळ आईजवळ गेलं.

केसपेपरवर मात्र एवढंच होतं : बाळाची साखर कमी. त्यावर माझ्या हाती फक्त पी ७०.४ येतो, म्हणजे नवजात बाळाची इतर कारणानं उतरलेली साखर. सिस्टर आजीला विचारत होती, “आजी, गोड पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं होतं का पोरीचं?” आजी म्हणाली, “घेतलं ना बाई, पन कार्ड तं सासरी राह्यलं. वेचणीच्या घाईत कोनाच्या ध्यानात राह्यते?” ते गोड पाणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज. दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर. आशाताईंनी कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्यावर १६८ होते. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर निदान लिहून सही केली आणि मगच मी पी ७०.० लिहिलं. साखर उतरणं त्यातच धरलेलं असतं, पी ७०.४ वेगळा जोडायचा नाही.

डॉक्टरांच्या लेखी निदानाशिवाय आकडा बघून आपण कोड लावू नये. मला हे फार वाटतं. एखाद्या बाईच्या नावापुढे मधुमेह लागतो, तो आपल्या अंदाजानं लागता कामा नये. तसंच आईला शुगर होती म्हणून धडधाकट बाळालाही पी ७०.० देऊ नका. बाळाला त्रास झाला असेल तरच तो. नाहीतर दवाखान्यात जन्मलेलं एकटं बाळ, झेड ३८.०, पुरे.

नेटवर शोधणाऱ्यांनी एक जपावं. गुगलवर बरेचदा अमेरिकेची आवृत्ती आधी येते. तिच्यात ओ २४.४१० असे लांबलचक कोड असतात, नुसत्या आहारावर आटोक्यात असलेल्या शुगरला वेगळा आकडा. आम्ही वापरतो त्या मूळ आयसीडी-१० मध्ये ओ २४.४ इथेच थांबतं. मी दोनदा तिकडचा कोड उतरवला आणि दोन्ही वेळा फाइल परत आली. ओ अक्षराच्या जागी शून्य पडणं हीसुद्धा रोजची चूक.

वेबसाइटवर शोध चटकन होतो, पण दुपारी लाइट गेली की नेटही जातं. तेव्हा पुस्तकच. सूचीचा खंड जड आहे, अक्षर बारीक आहे, तरी एका ओळीवरून शेजारची ओळ दिसते आणि पी ७०.० व पी ७०.१ मधला फरक तिथेच डोळ्यांत भरतो. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झालं आहे, आमच्याकडे अजून दहाच चालतं. नव्यानं कामाला लागणाऱ्यांनी सूचीचा खंड आधी मिळवावा.

आता पी ७०.० ची यादी काढून आम्ही त्या आयांना सहा आठवड्यांनी परत शुगर तपासायला बोलावतो, कारण पुढे त्यांना कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. पी ७०.४ खाली राहिलेली बाई या यादीत येतच नाही. म्हणून बाळंतपणाच्या रजिस्टरमध्ये मी पेनानं एक रकाना वाढवला आहे : सासरचं गाव, उपकेंद्र आणि आशाताईंचा नंबर. भरती होतानाच सिस्टर तो भरून घेतात.